अर्ज वर्डमधी, रिपोर्ट एक्सेलमधी, बाकी फोटो: सगळ्याची मिळून एकच पीडीएफ कशी करायची

वसमतच्या एका दादांनी विचारलंय. हळद पावडरचं छोटं युनिट टाकायचंय, बँकेतल्या मॅडमनी कागदं मागितलीत पण अट अशी की सगळं मिळून एकच पीडीएफ पाहिजे आणि ती ५ एमबीच्या आत. ह्यांच्याकडं आहे काय, तर वर्डमधी टाईप केलेला अर्ज, प्रोजेक्ट रिपोर्ट एक्सेलमधी, मार्कमेमो आणि टीसीचे मोबाईलवर काढलेले फोटो, मशीनवाल्यानं व्हॉट्सॲपवर टाकलेलं कोटेशन, आणि सातबारा, आठ-अ, आधार ह्या पीडीएफ. एका फुकटच्या साईटवर सगळं एकदाच टाकून बघितलं तर आधार घेईना, अर्जातलं मराठी गायब, आणि फाईल झाली ३१ एमबीची. स्क्रीनशॉट बी पाठवलेत. आता म्हणतेत चांगली साईट सांगा.

दादा, साईट कोणतीबी चालती. परभणीत माझं झेरॉक्स, टायपिंग अन् ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, १२ वर्षं झाली, ॲडमिशनच्या दिवसात दिवसाला ४०-५० पीडीएफ जोडतो, आणि आजपर्यंत साईटमुळं काम अडलंय असं क्वचित झालं. अडतं ते साईटवर टाकायच्या आधी. कागदाच्या फाईलीला टॅग लावताना आपण काय करायचो, आठवा. सगळे कागद सुलटे करायचे, लहान चिठोरी असली तर कोऱ्या पानावर चिकटवायची, नंबरवारी लावायचे, पंच मारायचा, मग टॅग ओवायचा. टॅग ओवायला किती वेळ, अर्धा मिनिट. साईटवरचं मर्ज, म्हणजे फाईली एकमेकीला जोडणं, हे नुसता टॅग ओवणं आहे. तुम्ही वेगवेगळ्या मापाचे, उलटेपालटे कागद तसेच टॅगमधी कोंबायला गेलात.

म्हणून एकच करा, प्रत्येक वस्तूची आधी वेगळी, स्वच्छ, ए-फोर मापाची पीडीएफ करून घ्या, आणि ती जिथं करायला पाहिजे तिथंच करा. जोडायचं सगळ्यात शेवटी.

अर्जापासून धरू. तुमच्या स्क्रीनशॉटमधी अर्जाच्या पानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायलीय, ई-जी-के-जे-के असं काहीतरी, ते बघूनच कळलं की अर्ज कृतीदेवमधी टाईप केलाय. कृतीदेवात आतून सगळी इंग्रजी अक्षरंच असतेत, वरून फक्त मराठीचा मुखवटा. म म्हणजे ई, ह म्हणजे जी, काना म्हणजे के, र म्हणजे जे. तुमचं "महाराष्ट्र" तिथं ई-जी-के-जे-के होऊन बसलंय. ज्या मशीनवर कृतीदेव फॉन्ट टाकलेला आहे तिथं मराठी दिसणार, नसला की मुखवटा गळून पडणार. पीडीएफ निघाली १९९३ ला, आमच्याकडं भूकंपाचं साल म्हणून लक्षात राहतं, अडोबी कंपनीनं काढली, आणि काढलीच ह्यासाठी की पान कोणत्याबी मशीनवर जसंच्या तसं दिसावं. ते जमतं कारण फॉन्ट पीडीएफच्या पोटात बसवता येतो. पण बसवायचा तर पीडीएफ बनते त्या मशीनवर फॉन्ट असायला नको का. ह्या साईटींच्या कंपन्या कुठं स्पेनच्या, कुठं जर्मनीच्या, त्यांच्या सर्व्हरवर कृतीदेव काहून असेल.

तेव्हा ज्यानं टाईप केलं त्याच्याच कॉम्प्युटरवर सेव्ह ॲज मधून पीडीएफ करून आणा. खरं तर टायपिंगचे पैसे देतानाच वर्ड आणि पीडीएफ दोन्ही मागून घ्यायचं, कोणी जास्तीचे पैसे लावत नाही. आणि आपली फाईल कृतीदेवची आहे का युनिकोडची, म्हणजे आतूनबी खरी मराठी अक्षरं असलेली, हे कळत नसेल तर एक ओळ सिलेक्ट करून फॉन्ट एरियल करून बघा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड, इंग्रजी झालं तर कृतीदेवच्या जातीतलं. युनिकोड असलं तरी मी मराठी वर्डची फाईल साईटला रूपांतराला देत नाही, कारण कधी ओळी पुढंमागं सरकून सहीची जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाते, कधी टेबल समासाच्या बाहेर पळतं. घरी वर्ड नसलं तर गूगल डॉक्समधी उघडा, डाऊनलोडमधी पीडीएफ निवडा, युनिकोड असलं तर चांगलं येतं, पण निघालेली पानं एकदा वाचून बघा.

एक्सेलचं दुखणं वेगळंय. एक्सेलला पान माहितीच नसतं, त्याच्यासाठी सगळं एक मोठं वावर. तुमच्या रिपोर्टमधी ५ वर्षांचे रकाने दिसायलेत, पहिली तीन वर्षं एका पानावर आणि चौथं-पाचवं वर्ष बिनमथळ्याचं तिसऱ्याच पानावर जाऊन पडलंय, मॅडमला ते कशाचे आकडे आहेत हे कसं कळावं. पेज लेआऊटमधी जाऊन पान आडवं करा, म्हणजे लँडस्केप, आणि रुंदीच्या खान्यात एक पान टाका, सगळे रकाने एका पानावर येतेत. लांबी ऑटोमॅटिकच राहू द्या, ती पण एक पान केली तर अक्षर मुंगीएवढं होतं. रकाना अरुंद असला की आकड्याच्या जागी नुसत्या हॅशच्या खुणा येतात, त्या पीडीएफमधीबी तशाच उतरतात, एका गिऱ्हाईकाची नफ्याची अख्खी ओळ अशी हॅशची गेल्ती आणि ते दोघंबी, देणारा आणि घेणारा, कोणी बघितलं नाही. रिपोर्टात चार-पाच शीट असतील तर प्रिंट करताना अख्खं वर्कबुक निवडायचं, नाहीतर उघडी असलेली एकच शीट निघते.

आता फोटो. ३१ एमबीमधले ३० तर ह्यांचेच आहेत. १२ मेगापिक्सेलचा मोबाईल ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके, एका फोटोला तीन-चार एमबी. आणि कागद वाचायला लागतेत किती, ए-फोर पान १५० डीपीआयला, म्हणजे एका इंचात १५० ठिपके, असं धरलं तर १२४० बाय १७५४, म्हणजे साधारण २२ लाख. पाचपटीपेक्षा जास्त ठिपके तुम्ही उगंच वाहून नेताय, त्यात टेबल, चटई आणि कोपऱ्यातल्या चपलाबी आल्या. तर फोटो काढू नका, स्कॅन करा. अँड्रॉइडवर गूगल ड्राईव्हमधी अधिकच्या खुणेवर दाबलं की स्कॅन येतं, ते कागदाच्या कडा ओळखून बाकीचं कापतं, सरळ करतं, आणि तीन मार्कमेमो असतील तर एकाच पीडीएफमधी पानामागं पान घेतं. आयफोनवाल्यांना नोट्समधी स्कॅन आहे. लोकं अजून "कॅमस्कॅन करून पाठवा" म्हणतेत, ते कॅमस्कॅनर ॲप २०२० च्या जूनमधी सरकारनं ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यात गेलं, शब्द तेवढा राहिला, झेरॉक्ससारखा.

स्कॅन करताना मार्कमेमो लॅमिनेट केलेला असेल तर (आणि आपल्याकडं आईबाप पहिलं काम तेच करतेत) ट्यूबलाईटखाली धरू नका, नेमकी टक्केवारीवर पांढरी पट्टी येते. दाराजवळ, उन्हात नाही पण उजेडात, गडद रंगाच्या चादरीवर ठेवा, म्हणजे कडा बी नीट सापडतात, आणि स्वतःची सावली पडू देऊ नका. रंगाचं म्हणाल तर पूर्ण ब्लॅक अँड व्हाईट मोड मोहाचा आहे, साईज फार कमी होते, पण त्यात मुख्याध्यापकांचा जांभळा गोल शिक्का एकतर काळा डाग होतो नाहीतर साफ जातो. टीसीवर शिक्काच नाही म्हणून फाईल परत आलेली मी बघितलीय. ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचं, घ्या नाहीतर रंगीतच ठेवा.

जुने फोटोच वापरायचे असतील, कागद गावाकडं राहिलेत असं असेल, तर फोटोची पीडीएफ करणाऱ्या साईटवर पानाचं माप ए-फोर निवडायचं विसरू नका. काही साईटींत आपोआप "फोटोएवढं पान" असतं. पीडीएफच्या हिशोबात एका इंचात ७२ पॉइंट, आणि फोटोचा एक ठिपका म्हणजे एक पॉइंट धरला तर ३००० ठिपके म्हणजे जवळपास ४२ इंच, साडेतीन फूट रुंद पान. वाढदिवसाच्या बॅनरएवढं. तुमच्या स्क्रीनशॉटमधी अर्जाचं पान चिमणीएवढं आणि टीसी हत्तीएवढी दिसायलीय ती ह्याच्यामुळं. फोटो मोबाईलमधी सरळ आणि पीडीएफमधी आडवा येतो तेबी नेहमीचं, मोबाईल फोटो खरोखर फिरवत नाही, नुसती "हा फिरवून दाखवा" अशी चिठ्ठी फाईलीत ठेवतो, काही साईटी ती चिठ्ठी वाचत नाहीत. गॅलरीत एकदा क्रॉप करून सेव्ह केलं की बहुतेक वेळा सरळ होतं. आणि आयफोनचे फोटो हेइक नावाच्या प्रकारात असतेत, २०१७ पासून, साईट घेईना गेली तर पुढच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधी फॉरमॅट बदला, आधी काढलेले त्यानं बदलत नाहीत.

विंडोजवर तर साईटबी लागत नाही, फोटो सगळे सिलेक्ट करायचे, राईट क्लिक, प्रिंट, प्रिंटरच्या जागी मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ. झालं.

आधार. ते साईट घेईना कारण त्याला कुलूप आहे. पासवर्ड म्हणजे आधारवर इंग्रजीत आहे त्या नावाची पहिली चार अक्षरं, कॅपिटलमधी, आणि त्याला लागून जन्माचं साल, मधी जागा सोडायची नाही. क्रोममधी उघडा, पासवर्ड टाका, मग प्रिंट करून सेव्ह ॲज पीडीएफ, ती नवी फाईल बिनकुलपाची निघते. पासवर्ड काढायला म्हणून कुठल्यातरी साईटवर आधार आणि पासवर्ड दोन्ही देणं, हे मी कोणाला करू देत नाही. बँकेला चालत असेल तर मास्क केलेलं आधार डाऊनलोड करा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतेत. मॅडमला आधी विचारा, कर्जाच्या फाईलीला पूर्ण नंबर लागू शकतो.

सातबाऱ्याचं मात्र नीट ऐका, इथं हुशार लोकंबी फसतेत. १५ रुपये भरून जो डिजिटल सहीचा सातबारा काढता त्याच्यावरची सही म्हणजे ते हिरव्या टिकचं चित्र नाही, ती त्या फाईलीच्या अक्षरन् अक्षरावर मारलेली मोहोर आहे. फाईलीत एक टिंब बदललं तर मोहोर तुटते, आणि मर्ज करणं म्हणजे नवी फाईल बनवणंच. जोडलेल्या पीडीएफमधी सहीचं चित्र दिसेल पण आतली सही गेलेली असते. ह्याला कोणत्याच साईटीचा इलाज नाही, हे असंच असतं. म्हणून सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, जे जे डिजिटल सहीचं आहे ते जोडलेल्या फाईलीत टाकाच, पण मूळ फाईल वेगळी जपून ठेवा आणि मेलमधी सोबत वेगळीबी जोडा. मॅडमला पानावरच्या पडताळणी नंबरावरून बघता येतं तो भाग वेगळा, तो नंबर छापलेला असल्यामुळं टिकतो. आणि क्रोममधी किंवा मोबाईलमधी सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून घाबरू नका, क्रोम सही तपासतच नाही, ते अडोबीच्या रीडरमधी सहीवर राईट क्लिक करून तपासावं लागतं. एक मामा "माझा सातबारा खोटा निघाला" म्हणून घाबरेघुबरे आल्ते, पाणी पाजून बसवलं आणि रीडरमधी उघडून दाखवलं.

कोटेशन व्हॉट्सॲपवरून आलंय. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, एकदा आलेला असला तर चालून जातो, पण मशीनवाल्यानं साहेबाला, साहेबानं सेल्समनला, सेल्समननं तुम्हाला असा तीन हातांतून फिरून आला असेल तर बारीक अक्षर विरघळतं. त्याला म्हणावं डॉक्युमेंट म्हणून पाठव, किंवा सरळ बिलाच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफच काढून दे.

आता सगळ्या पीडीएफ तयार झाल्या की नावं द्या, आणि नाव देताना नंबर शून्य एक, शून्य दोन असे टाका. नुसता एक, दोन टाकला आणि कागदं दहाच्या वर गेली की बऱ्याच साईटी एकच्या पाठीमागं दहा लावतेत, मग दोन. नावं इंग्रजीत, मधी जागा न सोडता, मराठी नावाची फाईल काही पोर्टल उघडतच नाहीत.

मग साईट. आयलव्हपीडीएफचं मर्ज फक्त पीडीएफच घेतं, लोकांना हा त्रास वाटतो, मला चांगलं वाटतं, आधी नीट रूपांतर करायला भाग पाडतं. स्मॉलपीडीएफ वर्ड, फोटो सगळं एकत्र घेतं पण फुकटात दिवसाला मोजकीच कामं करू देतं. पीडीएफ२४ फुकट आहे आणि मर्यादा नाही, माझ्या दुकानात तेच, त्याचं विंडोजवर टाकायचं सॉफ्टवेअरबी आहे, नेट गेलं तरी चालतं, आणि आमच्याकडं नेट कधी जातं ते तुम्हाला सांगायला नको. फाईली टाका, छोट्या पानांवर नजर मारून ओढून क्रम लावा, आडवं पान असलं तर तिथंच फिरवा, जोडा. कर्जाच्या फाईलीला मी पहिल्या पानावर साधी अनुक्रमणिका लावतो आणि शेवटी पान नंबर टाकतो, त्याचंबी टूल तिथंच असतं. दोन मिनिटांचं काम, पण समोरच्याला "प्रोजेक्ट रिपोर्ट पान ४ ते ९" असं दिसलं की फाईल चाळायला बरं पडतं.

वर सांगितलं तसं केलं तर तुमची फाईल माझ्या अंदाजानं तीन एमबीच्या आसपास बसते, कॉम्प्रेस करायची गरजच नाही. तरी वर गेली तर कॉम्प्रेस एकदाच, मध्यम दाबाचं. लोकं काय करतेत, एकदा दाबतेत, कमी नाही झालं की दाबलेलीच परत दाबतेत, तिसऱ्या वेळेला आधारवरचा क्यूआर नुसता भुरा ठिपका होतो आणि स्कॅन होईना जातो. दाबायचंच असेल तर नुसत्या स्कॅनच्या पीडीएफ दाबा आणि परत जोडा, अर्ज आणि रिपोर्टला हात लावू नका, त्यांचं वजन तसंबी काही नसतं.

ऑनलाईन टाकावं का, हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. ह्या नावाजलेल्या साईटी म्हणतेत की फाईल तास-दोन तासांत पुसतो, पुसत असतील. तरी आधार, पासबुक, सही असलेला चेक हे मी साईटवर चढवत नाही, कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधी जोडतो. काही साईटी फाईल वर न चढवता तुमच्या ब्राउझरमधीच काम करतेत. ते खरं का खोटं बघायचं असेल तर साईट उघडून घ्या, मग नेट बंद करा आणि एखादी फालतू फाईल जोडून बघा. जोडली गेली तर खरंच तुमच्याच मशीनवर चाललंय.

आणि नेट कॅफेत करणार असाल तर डाऊनलोडच्या फोल्डरवर लक्ष ठेवा. ही माझीच चूक सांगतो. गर्दीचा दिवस, एका मावशीची शिष्यवृत्तीची फाईल जोडायलो होतो, डाऊनलोडमधी "स्कॅन ३" नावाची फाईल उचलली आणि दिली टाकून. ती आधीच्या गिऱ्हाईकाच्या आधारची होती. पोर्टलवर चढली, सबमिट झालं, मावशी घरी गेली, संध्याकाळी पोराच्या लक्षात आलं की आपल्या फाईलीत कोणत्यातरी अनोळखी बाईचा फोटो आहे. अर्ज मागं घेऊन परत भरायला दोन दिवस गेले, पैसे मी घेतले नाहीत ते सोडा, पण त्या दुसऱ्या बाईचं आधार कुठल्या ऑफिसात जाऊन पडलं ते कायमचं. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईकाचं वेगळं फोल्डर, आणि काम झालं की त्याच्यासमोर डिलीट, रिसायकल बिनसकट. तुम्हीबी उठायच्या आधी डिलीट करून घ्या आणि व्हॉट्सॲप वेब लॉगआऊट करा.

पाठवायच्या आधी फाईल मोबाईलवर उघडून पानं मोजा आणि प्रत्येक पानावरचं सगळ्यात बारीक अक्षर मोठं करून वाचून बघा, आठ-अ वरचा खाते नंबर, मार्कमेमोवरचा सीट नंबर. आणि ते कोटेशन काहीबी करून परत मागवाच दादा, तुमच्या स्क्रीनशॉटमधी जीएसटी नंबरावर मशीनवाल्याचा अंगठा आलाय.